कोकणातल्या घरासाठी गेमिंग कॉम्प्युटर: प्रोसेसर कसा निवडायचा

मुंबई-पुण्यातल्या माणसासाठी दिलेला प्रोसेसरचा सल्ला कोकणात जसाच्या तसा चालत नाही. तिकडे ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) बिघडलं तर माणूस लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जातो आणि संध्याकाळपर्यंत घरी परततो. देवगड, गुहागर किंवा वेंगुर्ल्यातल्या माणसाचं कार्ड कुरिअरने जातं आणि ते परत येईपर्यंत टेबलावर बंद कॉम्प्युटर राहतो. त्यातच मुलाची परीक्षा, होमस्टेची बुकिंगं, जीएसटीचं रिटर्न अडकतं. म्हणून माझं ठाम मत आहे की आपल्याकडे प्रोसेसर घेताना गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळतात एवढंच पाहू नये. तो कमी तापणारा असावा, आणि कार्ड नसतानाही स्क्रीनवर चित्र दाखवणारा असावा. यासाठी थोडे पैसे जास्त गेले तरी ते वाया जात नाहीत.

पहिल्यांदाच कॉम्प्युटर जुळवून घेणाऱ्यांसाठी आता क्रमाने सांगतो.

आधी कागदावर काम लिहा

दुकानात जाण्यापूर्वी दोन याद्या करा. एकीत खेळायचे गेम, दुसरीत बाकीची कामं. "सगळंच करायचंय" असं दुकानदाराला सांगितलं, तर तो त्याच्याकडे पडून असलेलं तुम्हाला देईल.

गेमची यादी महत्त्वाची, कारण प्रत्येक गेमचा भार वेगळ्या जागी पडतो. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे स्पर्धेचे गेम कमी ग्राफिक्सवर खेळले जातात, त्यामुळे तिथे मुख्य ओझं प्रोसेसरवर येतं. रेड डेड रिडेम्प्शन २ सारखा मोठा, देखणा गेम चांगल्या सेटिंगवर चालवला की ओझं ग्राफिक्स कार्डावर जातं, आणि तिथे महागड्या प्रोसेसरचा फारसा उपयोग होत नाही. तुमचा मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्झचा असेल, म्हणजे सेकंदाला तितक्याच वेळा चित्र बदलत असेल, तर त्याहून जास्त फ्रेम स्क्रीनवर दिसणारच नाहीत. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेणार असाल आणि व्हॅलोरंटच खेळणार असाल, तर प्रोसेसरवर जास्त खर्च करणं योग्य.

दुसऱ्या यादीत खरं लिहा. गेम सुरू असताना मागे डिस्कॉर्डवर गप्पा, ब्राउझरमध्ये पंधरा टॅब, ओबीएस या सॉफ्टवेअरवर रेकॉर्डिंग, हे एक प्रकारचं मल्टिटास्किंग. दशावताराचं रेकॉर्डिंग कापून यूट्यूबवर टाकायचं, हे दुसऱ्या प्रकारचं. मोबाइलवरचे गेम कॉम्प्युटरवर एमुलेटर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवायचे, हे तिसरं. तिन्हींत रॅम आणि कोअर (अर्थ लगेच पुढे सांगतो) दोन्ही लागतात. यादीत नुसतं एक्सेल, टॅली आणि जुनी जीटीए एवढंच असेल, तर मोठा प्रोसेसर घेऊ नका.

कोअर, थ्रेड, कॅशे यांचा अर्थ

आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला बसलेली माणसं डोळ्यांसमोर आणा. कोअर म्हणजे ती माणसं. गिगाहर्ट्झ म्हणजे त्यांच्या हातांचा वेग, आणि कॅशे म्हणजे हाताशी ठेवलेला पेंढा आणि निवडलेले आंबे. सगळं हाताशी असेल तर उठून कोठीपर्यंत जावं लागत नाही. कोठी म्हणजे रॅम. थ्रेड म्हणजे एकाच माणसाने दोन पेट्या समोर घेऊन बसणं. एका पेटीसाठी आंबा यायचा थांबला तर तो दुसरीला हात लावतो, पण म्हणून तो दोन माणसांचं काम करत नाही.

गेमला वेगवान हात आणि भरपूर कॅशे लागतो. मल्टिटास्किंगला माणसं जास्त लागतात. आजच्या घडीला सहा कोअर आणि बारा थ्रेड ही या दोन्हींच्या मधली योग्य जागा आहे. चार कोअर आणि आठ थ्रेडचा इंटेलचा आय३-१२१०० नुसत्या गेमसाठी अजून चांगला आहे, पण मागे रेकॉर्डिंग सुरू केलं की तो दमतो. आठ कोअर बजेटमध्ये ओढूनताणून बसवण्यापेक्षा तो पैसा ग्राफिक्स कार्डात किंवा एसएसडीत (वेगवान डिस्कमध्ये) घालावा.

नाव वाचायला शिका

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. इंटेलच्या नावातली आय३, आय५, आय७ ही नुसती पायरी आहे. पिढी कोणती हे त्यानंतरच्या आकड्यात असतं. आय५-१२४०० मध्ये १२ म्हणजे बारावी पिढी. आय७-३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ सालची. आय७-४७७० चौथी, २०१३ सालची. "आय-सेव्हन गेमिंग पीसी, फक्त इतक्या हजारात" अशी जी जाहिरात दिसते, तिच्यात अनेकदा हेच जुने प्रोसेसर रंगीत दिवे लावलेल्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवलेले असतात. मग मुलगा विचारतो, "दादा, आय-सेव्हन असा, तरी गेम अडकता कित्याक?"

कारण सरळ आहे. त्या जुन्या आय७ मध्येही चार कोअर आणि आठ थ्रेडच आहेत, आणि २०२२ चा आय३-१२१०० प्रत्येक कोअरच्या वेगात त्याच्या पुष्कळ पुढे आहे. शिवाय विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडी कंपनीच्या रायझनची २००० मालिका आणि त्यापुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही कॉम्प्युटरची दोन्ही सुरक्षा-साधनं लागतात. म्हणजे जुन्या डब्यावर जुगाड करून विंडोज ११ टाकली, तरी तो गेम अडून बसण्याची शक्यता आहे.

आता शेवटचं अक्षर. इंटेलच्या नावात एफ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीन काळी. के असेल तर वेग वाढवण्याची मुभा असते, पण त्याला चांगला मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड) आणि मोठा कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा, लागतो, म्हणून बजेटमध्ये तो सोडून द्या. एएमडीकडे जी म्हणजे आत ग्राफिक्स आहे, एफ म्हणजे नाही, आणि एक्सथ्रीडी म्हणजे गेमसाठी जादा कॅशे.

एएमडीत एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. रायझन ५ ५६०० ला मागे अक्षर नाही आणि त्यात ग्राफिक्सही नाही. ७६०० लाही मागे अक्षर नाही, पण त्यात छोटं ग्राफिक्स आहे. ते गेमसाठी नाही, पण स्क्रीन चालू ठेवायला पुरेसं आहे. नावावरून अंदाज बांधू नका, मॉडेल क्रमांक कंपनीच्या साइटवर तपासा.

कार्ड आता, की नंतर?

हा निर्णय झाला की अर्धी निवड आपोआप होते.

कार्ड आत्ता घ्यायचं नसेल, तर जी अक्षराचा रायझन घ्या. रायझन ५ ५६००जी वर व्हॅलोरंट, जीटीए ५, काउंटर-स्ट्राइक कमी सेटिंगवर खेळता येतात. नवे मोठे गेम खेळता येत नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका. या प्रोसेसरचं ग्राफिक्स रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून रॅम कधीही एक काडी घेऊ नका. १६ जीबीची एक काडी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या. दोन काड्यांनी रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होतो आणि आतल्या ग्राफिक्सला त्याचा मोठा फायदा मिळतो. पैसे जास्त असतील तर रायझन ५ ८६००जी बरंच पुढचं ग्राफिक्स देतो, पण त्याला डीडीआर५ ही नव्या पिढीची रॅम आणि एएम५ सॉकेटचा बोर्ड लागतो.

५६००जी ची एक मर्यादा आधीच सांगतो. त्यात कॅशे १६ एमबी आहे, तर ५६०० मध्ये ३२. त्यामुळे पुढे कार्ड घेतल्यावर ५६०० गेममध्ये त्याच्या पुढे राहतो. शिवाय ५६००जी पीसीआयईच्या (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधल्या रस्त्याच्या) जुन्या ३.० पिढीवरच चालतो. आरएक्स ६६०० सारख्या आठ लेनच्या कार्डाला त्याचा फारसा फटका बसत नाही, पण आरएक्स ६५०० एक्सटी सारख्या चार लेनच्या कार्डाचा वेग चांगलाच घटतो. असं चार लेनचं कार्ड स्वस्तात मिळतंय म्हणून ५६००जी बरोबर लावू नका.

कार्ड आत्ताच घ्यायचं असेल, तर कोकणातल्या घरासाठी माझी पहिली पसंती आय५-१२४०० ला, तोही एफ नसलेला. मुंबईत राहणारा मित्र सांगेल की एफ घे, पैसे वाचतील. त्याच्या जागी त्याचं बरोबर आहे. पण ऐन जुलैत तुमचं कार्ड वॉरंटीसाठी कुरिअरने गेलं की याच जादा पैशांमुळे केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून अभ्यास आणि ऑफिस चालू राहतं. दुसराही फायदा आहे. आतल्या ग्राफिक्समध्ये इंटेलचं क्विक सिंक असतं. व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चालू केलं की मोबाइलवर काढलेले व्हिडिओ कापताना आणि शेवटी फाइल बनवताना प्रोसेसरचा भार पुष्कळ कमी होतो. यूट्यूबवर टाकायचं काम असेल, तर एवढ्यासाठीसुद्धा मी एफ घेणार नाही.

रायझन ५ ५६०० गेममध्ये १२४०० च्या खांद्याला खांदा लावतो, अनेकदा स्वस्तही मिळतो. घरात जुनं, साधं ग्राफिक्स कार्ड पडलेलं असेल तर आणीबाणीला ते लावता येतं, मग ५६०० जरूर घ्या. ५५०० मात्र किंमत बरीच कमी असेल तरच, कारण त्यात ना आतलं ग्राफिक्स आहे ना ३२ एमबी कॅशे.

बोर्ड कोणता, हे पुढच्या पाच वर्षांवर ठरवा

एएम४ हा एएमडीचा जुना सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा. तो डीडीआर४ वर चालतो, स्वस्त पडतो, आणि बजेटमध्ये वाढायची जागा म्हणजे आठ कोअरच्या ५७००एक्स सारख्या प्रोसेसरपर्यंत. एलजीए १७०० वर इंटेलची बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते, आणि बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ लागते. त्यामुळे बोर्डावर कोणती रॅम चालते ते पाहिल्याशिवाय रॅम घेऊ नका. एएम५ सॉकेट २०२२ साली आला, तो फक्त डीडीआर५ घेतो, आणि त्यावर पुढचे प्रोसेसर येत राहतील असं एएमडीने सांगितलं आहे.

ज्याला तीन-चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा आहे, त्याने पैसे जमवून रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड घ्यावा. यात वेग आहे, आतलं छोटं ग्राफिक्स आहे, आणि ६५ वॉटचा प्रोसेसर कूलरसकट मिळतो. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी प्रचंड वाढवली. म्हणून एकट्या प्रोसेसरची किंमत बघून निर्णय घेऊ नका. प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम या तिघांचं एकत्र कोटेशन एकाच दिवशी मागा. घरात जुन्या डेस्कटॉपच्या डीडीआर४ काड्या असतील, तर त्या वापरता येणारा बोर्ड सध्या मोठी बचत करून देतो.

एच६१० किंवा ए५२० हे स्वस्त बोर्ड सहा कोअरच्या ६५ वॉट प्रोसेसरला पुरतात. आय५-१३४०० किंवा १४४०० मात्र टर्बोमध्ये, म्हणजे वाढीव वेगात, १४८ वॉटपर्यंत जाऊ शकतात. बोर्डावर प्रोसेसरभोवती वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) नसेल, तर मे महिन्यातल्या दुपारी तो भाग तापतो आणि प्रोसेसर आपला वेग कमी करतो. दुकानात बोर्डाचा फोटो नव्हे, बोर्ड बघा.

दमट हवा, खारा वारा आणि महावितरण

६५ वॉट प्रोसेसरचा मी एवढा आग्रह का धरतो, त्याचं उत्तर इथे आहे. किनाऱ्यावरच्या घरात उन्हाळ्यात खोलीच गरम असते, आणि खोलीपेक्षा थंड हवा कूलरला मिळत नाही. वर खाऱ्या वाऱ्याने आणि ओलाव्याने धूळ हीटसिंकच्या पात्यांवर चिकटून बसते, ती नुसत्या फुंकरीने जात नाही. कमी तापणारा प्रोसेसर त्याच्या बॉक्समध्ये येणाऱ्या कूलरवरही टिकून राहतो. ५६०० ची कमाल मर्यादा ९० अंश सेल्सिअस आहे, १२४०० ची १००. गेम खेळताना ८० च्या आत राहिला तर निर्धास्त राहा.

वीज जाण्याचा हिशेबही प्रोसेसर निवडताना करावा. बहुतेक ६०० व्हीए यूपीएस ३०० ते ३६० वॉटचा भार झेलतात. १३२ वॉटचं आरएक्स ६६०० आणि सहा कोअरचा प्रोसेसर मिळून मॉनिटरसकट त्यात बसतात, आणि गेम सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळतो. दोनशे वॉटवर जाणारा प्रोसेसर घेतला की यूपीएसही मोठा घ्यावा लागतो, आणि तो खर्च कोटेशनमध्ये कोणी धरत नाही. वाडीच्या टोकाला व्होल्टेज पडत असेल, तर एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं बघून घ्या. अनेक स्वस्त एसएमपीएस २०० च्या खाली तग धरत नाहीत. मे-ऑक्टोबरमधल्या गडगडाटात यूपीएसवर भरवसा न ठेवता प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा.

पावसाळ्यात कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज थोडा वेळ चालू राहिला की आतली ऊब ओलावा धरू देत नाही. कॅबिनेट खिडकीखाली नको, जमिनीवरही नको. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर एवढं तरी सगळ्यांनी पाळावं. नदीकाठच्या घरात कॅबिनेट माळ्यावर चटकन नेता येईल अशा जागी ठेवावं.

कुठून घ्यायचा आणि कसा आणायचा

बॉक्समधल्या प्रोसेसरला इंटेल आणि एएमडी दोघेही तीन वर्षांची वॉरंटी देतात. ट्रे म्हणून विकला जाणारा प्रोसेसर बॉक्सशिवाय येतो, त्याची वॉरंटी विकणाऱ्यावर अवलंबून असते आणि कूलरही वेगळा घ्यावा लागतो. थोड्या फरकासाठी ट्रे घेऊ नका. बिल जीएसटीचं, त्यावर सिरियल क्रमांक लिहिलेला, आणि त्याचा फोटो लगेच मोबाइलमध्ये.

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडीच्या दुकानांत भाव मुंबईपेक्षा थोडा चढा मिळतो. तरी प्रोसेसर आणि बोर्ड एकाच स्थानिक दुकानातून घेणं मला पटतं, कारण बिघाड झाला तर दोष प्रोसेसरचा की बोर्डाचा हे तोच तपासून देतो आणि पाठवणीही तोच करतो. कार्ड, मॉनिटर, एसएसडी हवं तर मुंबईहून किंवा आंबोली घाट चढून कोल्हापूर-बेळगावहून आणा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांकडून सामान मागवायचं असेल, तर त्यांना मॉडेल क्रमांक अक्षरासकट लिहून पाठवा. "आय-फाइव्ह घेऊन ये" असं सांगितलं, तर एफ येणार हे धरून चाला.

जुळवलेला कॉम्प्युटर कोकणकन्येने किंवा एसटीने आणणार असाल, तर ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधा. मोठा टॉवर कूलर असेल तर तोही काढा. घाटातल्या हादऱ्यांनी त्याच्या वजनाने बोर्ड वाकतो. कूलर उतरवताना एएम४ वर खास काळजी घ्यावी लागते. या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात, आणि प्रोसेसर व कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट घट्ट झाली असेल तर कूलरबरोबर प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, मशीन बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सोडवा. एएम५ आणि एलजीए १७०० वर पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. तिथे बोट लागता कामा नये.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जाऊन रॅमचं एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारी सेटिंग) चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर ते डीओसीपी किंवा एक्सपो नावाने असतं. हे राहून गेलं तर ३२०० ची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि दोष प्रोसेसरला लागतो. एमुलेटर वापरणार असाल तर तिथेच व्हर्च्युअलायझेशन चालू करा. इंटेलवर ते व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम. बायोस जुना असेल तर अपडेट करा, पण यूपीएस लावल्याशिवाय नाही, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो.

नंतर तुमचा नेहमीचा गेम लावा आणि टास्क मॅनेजर उघडा. ग्राफिक्स कार्ड ९५ टक्क्यांच्या पुढे असेल तर प्रोसेसर आपलं काम करतोय. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवरच घुटमळतंय आणि फ्रेम कमी आहेत, तर गेमचं रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. फ्रेम वाढल्या नाहीत, म्हणजे अडथळा प्रोसेसरकडे किंवा रॅमकडे आहे. आधी तापमान बघा, मग रॅमच्या दोन्ही काड्या दिसताहेत का ते बघा. आपल्या हवेत रॅमच्या सोनेरी पट्टीवर पुटं चढतात. मशीन बंद करून, प्लग काढून, काडी खोडरबराने हलक्या हाताने पुसून परत बसवली की अनेकदा एवढ्यानेच ती दिसू लागते.

ही सगळी तपासणी दुकानाची किंवा ऑनलाइन विक्रेत्याची बदलून द्यायची मुदत संपायच्या आत करा. एक दिवस रेकॉर्डिंग आणि गेम एकत्र दोन तास चालवा, आणि एकदा कार्डाची केबल काढून मदरबोर्डच्या एचडीएमआयवर स्क्रीन येते का तेही पाहा. काही बोर्डांवर कार्ड लावलेलं असताना आतलं ग्राफिक्स बायोसमध्ये बंद असतं, ते आत्ताच चालू करून ठेवा.